अण्णा घाडींची बिनपगारी ड्युटी

त्यांचं नाव यशवंत घाडी. सगळे अण्णा म्हणायचे, मीही अण्णाच म्हणायचो. कणकवलीच्या बाजूचे, पत्र्याचे कारागीर. माझ्या नात्यातले नाहीत, गावचे नाहीत. मी कराडकडचा. त्यांची मालवणी मला पहिले आठ दिवस अर्धीच कळायची. पण आज मी ओमानात टिकून आहे आणि माझी धाकटी बहीण प्रियांका नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, ते या माणसामुळे. हे आधी लिहून टाकतो. मी मुळातला घाबरट, सांगता सांगता मध्येच अडखळलो तर निदान नाव तरी राहून जायला नको.

आता काय झालं ते.

मस्कतमध्ये, वादी कबीरला एका वर्कशॉपमध्ये मी एसीचे डक्ट बनवायचो. थंड हवा ज्यातून खोल्याखोल्यांत जाते त्या पत्र्याच्या चौकोनी नळ्या म्हणजे डक्ट. बनवायचो म्हणजे काय, पत्र्यावर खुणा दुसरा माणूस करायचा, मी कापायचो आणि घड्या मारायचो. आठवीतून शाळा सोडलेली, ड्रॉइंग वाचायचा प्रसंग कधी आलाच नव्हता. चार वर्षं अशीच गेली. मग एका रविवारी सकाळी कामावर गेलो तर शटरला कुलूप. अर्बाबच्या, म्हणजे मालकाच्या, ऑफिसातल्या माणसाने आम्हाला रांगेत उभं करून सांगितलं, काम खलास. दुसरा मालक मिळाला तर त्याचं पत्र आणा, आम्ही सोडतो. दोन महिन्यांत पत्र आलं नाही तर घरचं तिकीट.

बाकीच्यांनी तिकीट घेतलं. मला ते जमणार नव्हतं. प्रियांका तेव्हा दुसऱ्या वर्षाला होती. घरात माझ्याशिवाय कमावणारं कुणी नाही. मी परत गेलो असतो तर तिचं कॉलेज सुटलं असतं, आणि शाळा सुटली की काय होतं हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. कॅम्प रिकामा करायला सांगितला त्या दिवशी आमच्या जुन्या स्वयंपाक्याने मला एक फोन नंबर दिला. म्हणाला, "अल हैलला एक म्हातारा आहे, त्याचीपण नोकरी गेलीय. पण तो बेकारासारखा राहत नाही. जाऊन बघ."

अण्णांची खोली एका मोठ्या व्हिलाच्या मागच्या बाजूला होती. वरच्या मजल्यावर पुण्याचं फाटक कुटुंब भाड्याने राहायचं, खाली मालक. व्हिलातले सगळे एसी सांभाळायचे, त्याच्या बदल्यात मालकाने अण्णांना ही खोली दिलेली. मी बॅग घेऊन दारात उभा राहिलो तेव्हा ते गादी उचलून तिच्याखालून घडीचा शर्ट काढत होते. इस्त्री नव्हती. रात्रभर शर्ट गादीखाली ठेवायचा, वर स्वतः झोपायचं. शर्ट झटकून त्यांनी माझ्याकडे बघितलं. काटकुळा माणूस, एकोणसाठीचा, दाढी घोटून केलेली, कानावर पेन्सिल, कमरेला स्टीलची टेप.

"जेवलंस?" त्यांनी विचारलं.

मी खोटंच "हो" म्हणालो.

"खोटा बोलतंस. बस." आणि कुळथाची पिठी आणि भात पुढे ठेवला. मी खात असताना म्हणाले, "हंय रवशीत तर एकच गजाल ध्यानात ठेव. बेकार म्हणान कोण रवना नाय. हंय सगळे ड्युटीवर."

मला वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला माझ्या पायाला टेपचं टोक टोचलं. "उठ रे दत्त्या. ड्युटी चुकतली."

"कसली ड्युटी, अण्णा? नोकरीच नाही."

"नोकरी नाय म्हणानच तर ड्युटी. नोकरी असती तर कंपनीची बस इली असती तुका उठवूक. आता माकाच येवचा लागता."

आंघोळ, दाढी, घडीचा शर्ट, प्लास्टिकच्या फायलीत कागद, आणि सहाला बाहेर. पहिल्या दिवशी आम्ही अल हैलपासून मावालेहपर्यंत चालत गेलो आणि रस्त्यात दिसेल त्या प्रत्येक वर्कशॉपात शिरलो. "फॅब्रिकेटर चाहिए?" अण्णांनी हे वाक्य दिवसभरात कितीदा म्हटलं असेल देव जाणे, पण प्रत्येक वेळी असं म्हणायचे की जणू पहिल्यांदाच विचारतायत. नकार आला की कानावरची पेन्सिल काढायची, फायलीतल्या कागदावर दुकानाचं नाव लिहायचं, पुढे फुली मारायची आणि "शुक्रिया भाई" म्हणून निघायचं. मी मात्र दुसऱ्या नकारानंतर आत जायचंच सोडलं. मी त्यांच्या मागे मागे, दाराबाहेरच उभा राहायचो.

चौथ्या की पाचव्या दुकानाबाहेर ते थांबले. "तू माझ्या पाठी कित्याक लपतंस? ते नाय म्हणतत ते पत्र्याच्या कामाक. तुका नाय. आता तू विचार."

मी विचारलं. नकार मिळाला. मी मेलो नाही.

जून महिना होता. मस्कतच्या जूनबद्दल इथे राहणाऱ्याला काय सांगायचं आणि न राहणाऱ्याला सांगून काय उपयोग. पण अण्णांकडे सावलीचा हिशेब होता. कुठल्या भिंतीची सावली किती वाजेपर्यंत टिकते, कुठल्या मशिदीबाहेर थंड पाण्याचा कूलर आहे, कुठल्या बँकेच्या पायरीवर आतल्या एसीची हवा दाराच्या फटीतून येते, सगळं पाठ. आम्ही सरळ रस्त्याने कधी गेलोच नाही. सावली जिकडे, तिकडे आमचा मोर्चा. जवळचं दुकान उन्हात असेल तर ते संध्याकाळच्या यादीत. मी एकदा म्हणालो, "अण्णा, टॅक्सीने दहा मिनिटांत झालं असतं." तर म्हणाले, "टॅक्सीतसून दुकानं दिसनत नाय. फक्त टॅक्सीवालो दिसता."

घरातही तसंच. साबणाचे तुकडे ओले करून एकमेकांना चिकटवायचे. तांदळाचं धुवण टाकायचं नाही, आमटीत. एकमेकांचे केस आम्हीच कापायचो, आणि माझे पहिल्यांदा कापले तेव्हा मागून इतके वाकडे झाले की स्वतःच म्हणाले, "पत्रो असतो तर फेकून दिलो असतंय." बाजारात ते नेहमी दुकानं बंद व्हायच्या सुमाराला जायचे, पण मिनतवारी करायची नाही. हातात पिशवी धरून शांत उभं राहायचं. भाजीवाला स्वतःच मऊ पडलेली वांगी पुढे करायचा. "आमी मागूक नाय," ते बाहेर आल्यावर म्हणायचे. "तेना विकली."

फुकट हा शब्द त्यांना सहन व्हायचा नाही. फाटकवहिनी वरून एकदा सणाचं जेवण घेऊन आल्या. पुरणपोळी, कटाची आमटी. मी ताटाकडे नुसता बघत होतो, कारण मला त्या वासाने आईच आठवली. अण्णा म्हणाले, "वहिनी, तुमच्या हॉलच्या एसीचा पाणी भिंतीर येता. परवा बघलंय मी." वहिनी म्हणाल्या, "अहो, ते नंतर बघू. आधी जेवा ना, गरम आहे." तर हे उठलेच. मलाही उठवलं. वरती जाऊन एसीखालचा ट्रे काढला, तुंबलेली नळी साफ केली, परत बसवला. तोपर्यंत पुरणपोळी गार. त्या दिवशी मला त्यांचा मनापासून राग आला.

फाटकांची मुलगी मीरा, असेल आठ-नऊ वर्षांची, आमचं काम बघत उभी होती. इंग्रजी शाळेतली. मराठी बोलताना एकेक शब्द पाण्यातून काढल्यासारखा काढायची. तिने विचारलं, "अण्णाआजोबा, तुम्हाला... जॉब नाही आहे? तुम्ही ऑफिसला का नाही करत जा?"

वहिनी लाजून लाल. "मीरा! असं विचारतात का?"

अण्णा शिडीवरूनच म्हणाले, "अगो, ऑफिस माका शोधता हा. माझो पत्तो गावना नाय तेका."

मीरा खूप वेळ विचार करून म्हणाली, "मग तुम्ही लोकेशन सेंड करा ना."

ते इतके हसले की शिडी हलली. पुढे महिनाभर, सकाळी दार ओढून घेताना म्हणायचे, "चल दत्त्या. लोकेशन सेंड करूक जावया."

समुद्रावरची गोष्ट सांगायलाच हवी, कारण तिथे त्यांनी मला पहिल्यांदा खरं झापलं.

शुक्रवारी दुकानं बंद, म्हणून शुक्रवारची ड्युटी समुद्रावर. अल हैलच्या किनाऱ्यावर सकाळी ओमानी कोळी मोठं जाळं ओढतात. दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर आणतात आणि ओढत राहतात. आता पुष्कळदा पिकअपला दोर बांधून ओढतात, पण जाळं काठाशी आलं की शेवटी माणसांचेच हात लागतात. अण्णांनी ते पहिल्यांदा बघितलं तेव्हा म्हणे त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं. मालवणाकडे ह्याला रापण म्हणतात. तिकडची रीत अशी की दोराला जो हात लावील त्याला माशांचा वाटा, मग तो कोण, कुठला हे कुणी विचारत नाही. अण्णा चपला काढून सरळ दोराला लागले होते. भाषा येत नव्हती. पण ओढायचं कधी आणि सैल सोडायचं कधी हे त्यांच्या हातांना माहीत होतं. कोळ्यांमधल्या म्हाताऱ्याने जाताना स्वतःहून त्यांची पिशवी भरली. तेव्हापासून दर शुक्रवारी.

मी पहिल्यांदा गेलो त्या दिवशी घाबरून लांब वाळूत बसलो होतो. आपण परदेशात, कागद अर्धवट, पोलिसाने बघितलं तर? जाळं आलं, वाळूवर तारल्या चमचमत पसरल्या. सगळे वेचायला लागले तसा मीही धावलो आणि ओंजळभर उचलल्या. पाठीमागून आवाज आला.

"ठेव ते."

"अण्णा, सगळेच घेतायत."

"सगळ्यांनी दोर ओढलो. तू खंय होतंस? वाळयेत कुल्ले शेकत होतंस. आधी हात लाव, मगे पिशी उघड."

"पण इथे कोण बघतंय? इतके तर पडलेत."

"मी बघतंय ना!"

त्या ओमानी म्हाताऱ्याला काय चाललंय ते कळलं असावं. तो हसला आणि मला म्हणाला, "यल्ला सदीक, यल्ला!" म्हणजे चल दोस्ता, चल. आणि ओलं जाळं उचलून गाडीत टाकायला माझ्याकडे बोट दाखवलं. ते जाळं एवढं जड असतं हे मला माहीत नव्हतं. आम्ही सहा जणांनी ते चढवलं. माझा शर्ट खारट पाण्याने भिजून अंगाला चिकटला. मग त्याने माझ्या हातात पिशवी दिली. घरी जाताना वाटेत अण्णांनी मला मासे साफ कसे करायचे ते दोनदा सांगितलं, आणि मला कळलं की राग गेला.

एकीकडे दिवस जात होते. यादीतल्या फुल्या वाढत होत्या. दीड महिना झाला. प्रियांका फोनवर विचारायची, "दादा, काम कसं चाललंय?" मी म्हणायचो, "चाललंय." ते तसं खोटं नव्हतं. अण्णांनी मला खरंच कामाला लावलं होतं.

झालं असं की तिसऱ्या दिवशीच त्यांनी मला विचारलं होतं, "ड्रॉइंग वाचूक येता?" मी मान खाली घातली. ते म्हणाले, "म्हणजे तू कारागीर नाय. कारागिराचो हात." त्या संध्याकाळपासून आमची शाळा सुरू झाली. किराणा दुकानामागे फेकलेले खोके आम्ही आणायचो. (त्याबद्दलही अण्णा दुकानाची मागची बाजू झाडून द्यायचे, हे सांगायला नकोच.) पत्र्याऐवजी पुठ्ठा. ते कागदावर चित्र काढायचे, मी पुठ्ठ्यावर खुणा करून तुकडा कापायचा, घडी मारायची, चिकटवायचं. खोली पुठ्ठ्याच्या डक्टांनी भरून गेली. कोपरे, फाटे, एकीकडे रुंद नि दुसरीकडे अरुंद अशी नळकांडी. फाटकवहिनी एकदा डोकावून म्हणाल्या, "अय्या, गणपतीची आरास वाटते!"

माझी खरी अडचण वेगळीच होती. मी साकीनाक्याच्या एका गाळ्यात काम शिकलो. तिथे सगळं इंचात आणि सुतात. एका इंचाचे आठ सूत. इथली ड्रॉइंगं मिलिमीटरमध्ये. अण्णा म्हणायचे सहाशे, आणि माझं डोकं आधी त्याचे सूत करायला पळायचं. शेवटी त्यांनी काळी चिकटपट्टी घेऊन टेपवरची इंचाची बाजू पूर्ण झाकून टाकली. "आता बघ. इंच मेलो." त्यानंतर माझे तुकडे बरोबर यायला लागले. मला वाटलं, शिकलो.

दोन महिने संपायला नऊ दिवस उरले असताना रुसैलच्या एका कारखान्यातून फोन आला. डक्टचा एक माणूस हवा, ट्रायल देऊन जा. आम्ही दोघंही गेलो. मला ते विचित्र वाटलं, जागा एक आणि आम्ही दोन. मी बसमध्ये तसं म्हणालो. अण्णा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "दोघांची ड्युटी आसा. ज्याचा काम बरा तो रवतलो. लाजतंस कित्याक?"

सुपरवायझर हैदराबादचा होता, कडक पण सरळ. दोघांना एकेक पत्रा, एकेक ड्रॉइंग आणि कंपनीची टेप दिली. माझ्या टेपवर दोन्ही बाजू उघड्या. सहाशेचा तोंडाचा तुकडा करायचा होता. मागे मशीनचा आवाज, समोर सुपरवायझर, आणि डोळे आपोआप इंचाच्या बाजूला गेले. मनात म्हटलं, तीन मिलिमीटरचा एक सूत, म्हणजे सहाशेचे दोनशे सूत, म्हणजे पंचवीस इंच. खूण केली, कापलं, वाकवलं. तुकडा सुरेख झाला. कडा सरळ, कोपरे चोख.

सुपरवायझरने आपली टेप लावली. "छे सौ पैंतीस. भाई, ये कहाँ लगेगा?"

एका सुतात तीनवर थोडंसं अजून असतं. ते थोडंसं दोनशे वेळा साठलं, आणि दोन बोटं मोठा तुकडा माझ्या पुढ्यात पडला.

अण्णांचा तुकडा तंतोतंत होता. सुपरवायझरने तो फिरवून फिरवून बघितला. मग विचारलं, "चाचा, उमर?" अण्णांनी खरं वय सांगितलं. तो म्हणाला, "पचपन के ऊपर कंपनी नहीं लेती. माफ करना." आम्ही दोघंही बाहेर.

बसस्टॉपवर मी रडलो. मोठा माणूस असून रडलो. म्हणालो, "अण्णा, मी उद्या ऑफिसात जाऊन तिकीट घेतो. तुमचे पण दिवस माझ्या मागे वाया... मला नाही जमत."

ते म्हणाले, "चूक माझी."

"तुमची कशी?"

"मी टेपेवरचो इंच झाकलो. तुझ्या डोक्यातलो तसोच रवलो." त्यांनी कमरेची टेप काढली आणि नखाने ती काळी पट्टी सोलायला सुरुवात केली. घरी पोचेपर्यंत सोलत होते. "आता दोन्ही बघूचे. घाबरान नाय. हो इंच, हो मिलिमीटर. दोघांका वळख."

त्या संध्याकाळी त्यांनी मला खोलीतली प्रत्येक वस्तू मापायला लावली. आधी नुसतं बघून मिलिमीटर सांगायचे, मग टेप लावायची. दार, खाट, सिलेंडर, ताट, त्यांच्या चपला. सूत मनात आले की मोठ्याने म्हणायचं, "हे सूत," आणि बाजूला ठेवायचं. वेड्यासारखं वाटत होतं. पण तिसऱ्या दिवशी मी दाराकडे बघून म्हणालो आठशे वीस, आणि ते आठशे अठरा निघालं. सूत मनात आलेच नव्हते.

त्या तीन दिवसांतला मधला दिवस अण्णा मला न सांगता गायब होते. संध्याकाळी आले ते बोटांना चिरा पडलेल्या, शर्टाला ग्रीस. मी विचारलं तर म्हणाले, "ड्युटीक गेल्लंय." काय झालं ते मला नंतर त्या सुपरवायझरनेच सांगितलं. अण्णा सकाळी सातला कारखान्याच्या गेटवर. म्हणाले, काल आम्ही तुमचा एक पत्रा फुकट घालवला, तो भरून द्यायला आलोय. सुपरवायझर म्हणाला, चाचा, राहू दे, भंगारात गेला तो. तर हे हटेनात. शेवटी तो वैतागून म्हणाला, "ठीक है, स्क्रॅप यार्ड में बैठो. लेकिन मशीन को हाथ मत लगाना." अण्णांनी मशीनला हात लावला नाही. हातातल्या कात्रीने दिवसभर भंगारातल्या कातरणांमधून डक्ट जोडायच्या पट्ट्या कापल्या. सरळ, एकसारख्या, आकाराप्रमाणे गठ्ठे बांधून. संध्याकाळी सुपरवायझर बघायला आला तेव्हा आठवडाभर पुरतील एवढ्या पट्ट्या तयार होत्या. माझा तो वाया गेलेला पत्रासुद्धा त्यांनी ढिगातून हुडकून काढून त्याच्याही पट्ट्या केल्या होत्या.

तो सुपरवायझर मला म्हणाला, "मैंने पूछा, चाचा, क्या चाहिए तुमको? नौकरी तो मैं दे नहीं सकता. वो बोला, नौकरी नहीं चाहिए. सिफारिश भी नहीं. लड़के का ट्रायल फिर से लो. गलत किया तो गेट से भगा दो."

दुसऱ्या ट्रायलला अण्णा माझ्याबरोबर गेटपर्यंत आले आणि तिथेच थांबले. मी म्हणालो, "आत या ना. नुसते उभे राहा."

"मी येवचंय नाय. मी आत इलंय तर तू माझ्याकडे बघशीत. पत्र्याकडे बघ."

तुकडा तोच, सहाशेचा. टेपही तीच, दोन्ही बाजूंची. मी इंचाकडे बघितलं. ओळखलं. बाजूला ठेवलं. खूण केली, मग दुसऱ्या टोकापासून उलट मापून बघितली, मग कात्री लावली. सुपरवायझरने टेप लावली. बरोबर सहाशे. मग त्याने दुसरं ड्रॉइंग दिलं, वळणाचं, अवघड. त्याला दोन तास लागले. त्यानंतर त्याने मला ऑफिसात नेलं आणि पासपोर्टची कॉपी मागितली.

बाहेर आलो तर अण्णा गेटवरच्या रखवालदाराच्या खुर्चीचा मोडका हात बसवत होते. मी नव्या कंपनीच्या पत्राचा कागद पुढे धरला. त्यांनी तो हातात घेतला नाही, कारण हाताला तेल होतं. नुसता वाकून वाचला. मग म्हणाले, "बहिणीक फोन कर." मी फोन लावला. प्रियांकाला आधी काहीच माहीत नव्हतं, म्हणून तिला आनंद व्हायच्याऐवजी ती माझ्यावर ओरडली, दोन महिने खोटं बोललास म्हणून. अण्णा ऐकत होते. म्हणाले, "बरा झाला. एकटी तरी कोण तुका बोलणारी आसा."

कंपनीने मला रुसैलच्या कॅम्पात खोली दिली. निघताना मी अण्णांना म्हणालो की मी तुमच्यासाठी पुन्हा सुपरवायझरशी बोलतो. त्यांनी हात वर केला. "माझी ड्युटी माका करूक दी." त्यांच्याही कागदाची मुदत सरत आली होती. मी विचारलं, नाहीच मिळालं तर? ते म्हणाले, "घराक जावचाच आसा रे. पण हाकललो म्हणान नाय. माझ्या तारखेक." त्या आवाजात दया मागणं नव्हतं, फुशारकी नव्हती. वेळापत्रक सांगावं तसं सांगितलं.

ते मला शेवटचे दिसले ते तीन आठवड्यांनी. आमची कंपनीची बस सकाळी साइटवर चालली होती, अल हैलच्या सिग्नलला थांबली. पलीकडे दुकानांची रांग. एका ॲल्युमिनियमच्या दुकानाच्या दारात अण्णा उभे. घडीचा शर्ट, डोक्यावर उन्हासाठी धरलेली ती प्लास्टिकची फाइल. आतला माणूस मान हलवून नाही म्हणाला, हे मला बसमधूनही कळलं. मी काच वाजवली, हाक मारली. बसची काच जाड, मधे तीन लेन गाड्या, ऐकू जाणार कसं? त्यांनी पेन्सिल काढली, फुली मारली, छातीला हात लावून त्या माणसाचे आभार मानले आणि शेजारच्या दुकानाची पायरी चढले. त्या दारातही तसेच ताठ. सिग्नल सुटला. आतल्याने काय उत्तर दिलं ते मला दिसलं नाही.

पुढे कळलं की त्यांना सोहारला काम मिळालं. वर्षभर केलं, आणि मग स्वतः ठरवलेल्या दिवशी ते गावी गेले. मला सुट्टी मिळाली नाही, विमानतळावर जाता आलं नाही, आणि ते मला अजून खुपतं. फोनवर मात्र बोलतो. परवा बोलताना म्हणाले, घराच्या चारी बाजूंना पन्हळ घालायचीय. आयुष्यभर लोकांच्या पत्र्याचं काम केलं, आपल्या घराला पन्हळच नाही, पागोळ्यांनी ओटा उकरलाय. पण आता शिडीवर चढलं की गुडघा बोलतो.

अण्णा, तुमचं मी कसं फेडणार, मला ठाऊक नाही. काही दिलेलं तुम्ही घेणार नाही हे मात्र ठाऊक आहे. म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहून ठेवतो, म्हणजे मला मागे फिरता येणार नाही. प्रियांका पास होऊन कामाला लागली की पहिल्या सुट्टीत मी कराडला उतरायच्या आधी कणकवलीला येईन. पत्रा मी आणीन, मापं मी घेईन, शिडीवर मी चढेन. तुम्ही ओट्यावर खुर्ची टाकून बसायचं आणि चुका काढायच्या. एक दिवस, अण्णा. नक्की.